पाणी तपासणीची पेटी: नळापेक्षा शेतातल्या विहिरीवर जास्त कामाची

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी जी पाणी तपासणीची पेटी आली, जिला सगळे एफटीके (फील्ड टेस्ट किट) म्हणतात, ती बऱ्याच ग्रामपंचायतींत कपाटावर पडून आहे. आमच्या गावात ती माझ्याकडे असते. प्रत्येक गावातून पाच महिलांना तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं असं या योजनेत ठरलेलं आहे, त्या पाचजणींपैकी मी एक. ही पेटी खरंच काही सांगते का, असं मला गावातले आणि माहेरचेही लोक विचारतात. म्हणून नीट लिहिते.

आधी आमचा भाग सांगते, कारण त्याशिवाय निकालांना अर्थ नाही. मी जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातली. घरची केळी, मृगबाग आणि कांदेबाग (केळीच्या दोन हंगामांतल्या लागवडी) दोन्ही. वर सातपुडा, खाली तापी आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात केळीच केळी. पूर्वीच्या उघड्या विहिरी बहुतेक आटल्या. काहींना तळात बोअर मारून जिवंत ठेवलंय, बाकी सगळं ट्यूबवेलवर. केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनात रावेर आणि यावल हे दोन्ही तालुके अतिशोषित म्हणून आलेले आहेत, म्हणजे जमिनीत मुरतं त्याहून जास्त पाणी आम्ही उपसतो. पाणी किती खोल गेलं यावर आमच्याकडे ओट्या-ओट्यावर चर्चा होते. ते पाणी कसलं झालंय, यावर मात्र कोणी बोलत नव्हतं. ही पेटी मला मोलाची वाटते ती त्यासाठी.

पेटीत काय असतं ते आधी. सामू (पीएच), गढूळपणा, कठीणपणा, क्लोराईड, फ्लोराईड, लोह, उरलेला क्लोरीन, नायट्रेट यांच्या रसायनांच्या लहान बाटल्या, काचेच्या नळ्या आणि रंगांचे तक्ते. शिवाय जंतूंसाठी वेगळ्या कुप्या. त्यांत पाणी भरून दिवसभर किंवा दोन दिवस ऊबदार जागी ठेवायचं. पाणी काळं पडलं तर ती त्यात मैल्याचा शिरकाव असल्याची खूण. ही जंतूंची कुपी बायकांना सगळ्यात पटते, कारण काळा रंग दाखवला की वाद घालायला जागा उरत नाही. क्लोराईड आणि कठीणपणा थेंब मोजून काढायचे असतात. क्लोराईडला पिवळं पाणी विटकरी होईपर्यंत, कठीणपणाला लालसर पाणी निळं होईपर्यंत. हात स्थिर असेल तर हे दोन्ही निकाल चांगले येतात.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते नायट्रेटबद्दल.

नायट्रेटची चाचणी अशी: नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, दिलेल्या चमच्याने पूड टाकायची, हलवायचं, सूचनेत लिहिलंय तितकी मिनिटं थांबायचं. नायट्रेट असेल तर पाणी गुलाबी होतं, जास्त असेल तर गडद. मग नळी तक्त्याशेजारी धरून रंग जुळवायचा. आमच्या तक्त्यावर ०, १०, ४५ आणि १०० असे टप्पे आहेत, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. त्यातला ४५ हा आकडा महत्त्वाचा. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ च्या वर नको. क्षार किंवा कठीणपणाला दुसरा स्रोत नसेल तर जास्तीची सूट आहे, नायट्रेटला तीही नाही.

ही मर्यादा मुख्यतः तान्ह्या बाळांसाठी आहे. वरच्या दुधावर असलेल्या, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असं पाणी मिळालं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडू शकतं. ओट्यावर हे सांगितलं की लगेच कोणीतरी म्हणतं, पाणी उकळून देऊ. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट वाफ निघून गेली की उरलेल्या पाण्यात ते थोडं वाढतंच. तुरटी फिरवून जात नाही, टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने जात नाही, कँडलच्या फिल्टरनेही जात नाही. आरओने कमी होतं. ज्या घरात बाळ वरच्या दुधावर आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावंच.

गावच्या नळाला आमचा निकाल १० आणि ४५ च्या मधे येतो. नळाचं पाणी खोल ट्यूबवेलचं आहे, त्यामुळे तेवढ्यावर भागतं. पेटी दिली जाते ती पिण्याच्या पाण्यासाठी, आणि बहुतेक गावांत तपासणी नळावरच संपते. मी ती घेऊन शेतात गेले, तिथे चित्र बदललं. आमच्या जुन्या विहिरीचं पाणी तक्त्यावरच्या ४५ पेक्षा स्पष्ट गडद आलं, १०० च्या थोडं अलीकडे. शेजारच्या बागेतल्या विहिरीचं त्याहून गडद. त्याच शिवारातल्या खोल ट्यूबवेलचं फिकट गुलाबी. म्हणजे वरच्या थरातलं पाणी जास्त बिघडलेलं, खालचं अजून बरं. जमिनीवरून काहीतरी खाली उतरतंय, हे तीन नळ्या शेजारी ठेवल्या की शाळेतल्या मुलालाही कळतं.

रंगावर विसंबून राहायचं नव्हतं, म्हणून विहिरीचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दिला. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून, काठोकाठ भरून, बर्फात ठेवून. नायट्रेटचा नमुना उन्हात पडून राहिला तर आकडा बदलतो, हे मुद्दाम सांगते, कारण मोटारसायकलच्या डिकीत दिवसभर फिरलेल्या बाटल्या लोक तपासायला देतात. अहवालात नायट्रेट ७८ आलं. पेटीने "४५ च्या वर, १०० च्या आत" सांगितलं होतं. पेटीचं काम तेवढंच आहे आणि ते तिने चोख केलं. नेमका आकडा हवा असेल तर प्रयोगशाळा, कुठल्या विहिरीवर खर्च करायचा हे ठरवायचं असेल तर पेटी.

आता प्रश्न पडतो की हे नायट्रेट येतं कुठून. गावात दोन उत्तरं असतात. शेतकरी म्हणतो संडासच्या शोषखड्ड्यांतून आणि उकिरड्यांतून, बाकीचे म्हणतात खतातून. दोन्ही खरं आहे, जागेप्रमाणे प्रमाण बदलतं. गावाला लागून असलेल्या विहिरीत शोषखड्ड्याचा वाटा मोठा असू शकतो. आमची विहीर वस्तीपासून लांब आहे, आजूबाजूला ना घर, ना गोठा. तिथलं नायट्रेट बागेतूनच उतरलंय, दुसरं कारण मला दिसत नाही. काही जण सांगतात की नायट्रेटसोबत क्लोराईडही वाढलेलं असेल तर सांडपाणी समजावं. केळीच्या पट्ट्यात ही खूण चालवून घेऊ नका. आम्ही पोटॅश म्हणून जे म्युरेट टाकतो, ते पोटॅशियम क्लोराईडच असतं, त्यातलं क्लोराईडही पाण्यासोबत खाली जातं. म्हणजे पेटीतल्या दोन चाचण्या जोडून कारण शोधायला गेलात तर आमच्याकडे फसाल.

केळीला नत्र (नायट्रोजन) किती लागतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाला २०० ग्रॅम नत्राची. एकरी साधारण १,७५० झाडं धरली तर ३५० किलो नत्र झालं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे गोणीला जेमतेम २१ किलो. हिशेब लावला तर एकरी १७ गोण्या युरियाइतकं नत्र, एका हंगामात. ठिबकवर शिफारस याहून कमी आहे, कारण खत थेट मुळाशी जातं. पण आमच्या भागात किती जण ठिबक लावल्यावर मात्रा कमी करतात? शिफारशीच्याही वर जाणारेच मी जास्त पाहिलेत. वर १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) आणि कॅल्शियम नायट्रेट सोडतात, ज्यांत नत्र आधीच नायट्रेटच्या रूपात असतं.

युरिया टाकला की मातीतले जीवाणू त्याचा आधी अमोनियम आणि मग एक-दोन आठवड्यांत नायट्रेट करतात. अमोनियमला माती धरून ठेवते, नायट्रेटला धरत नाही. मातीचे कण ऋणभारित, नायट्रेटही ऋणभारित, त्यामुळे ते पाण्यासोबत मोकळं फिरतं. झाडाने उचललं तर ठीक, नाहीतर पाणी नेईल तिकडे. केळीची बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटात. रात्रीच्या विजेवर मोटार लावून दिली आणि ठिबक गरजेपेक्षा दोन तास जास्त चाललं, तर त्या दोन तासांचं पाणी मुळांच्या खाली गेलं आणि त्यातलं नायट्रेटही गेलं. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. सातपुड्याच्या पायथ्याला गोटे-वाळूची जमीन आहे, तिथे पाणी सरळ खाली जातं. पुनर्भरणासाठी ही जमीन फार चांगली, असं आम्ही अभिमानाने सांगतो. पाणी जितक्या लवकर उतरतं तितक्याच लवकर पाण्यातलं खतही उतरतं, हे त्यासोबत सांगायला हवं.

ही पेटी माझ्या मते प्रत्येक बागायतदाराच्या हातात असायला हवी, त्याचं कारण हिशेबातलं आहे.

पाण्यात ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे लिटरला सुमारे १० मिलिग्रॅम नत्र. म्हणजे एक लाख लिटर पाण्यात एक किलो नत्र. ठिबकवरच्या एक एकर केळीला वर्षभरात ५० लाख लिटर पाणी धरा, तर नुसत्या पाण्यातून ५० किलो नत्र बागेत गेलं. जवळजवळ अडीच गोण्या युरिया. आमच्या विहिरीसारखं ७८ असेल तर ८५ ते ९० किलो, म्हणजे चार गोण्यांच्या वर. हे खत आपणच कधीतरी विकत घेतलेलं, वाया घालवलेलं, आणि आता वीज जाळून वर काढतोय. ते मोजणीत न धरता वरून पुन्हा पूर्ण मात्रा सोडायची, तिचा न उचललेला भाग पुन्हा विहिरीत. वर्षागणिक पाणी गडद गुलाबी होण्याचं कारण यात आहे.

हे मी घरी मांडलं तेव्हा माझे दीर म्हणाले, "वहिनी, खत कमी केलं आणि रास घटली तर?" प्रश्न बरोबर होता. व्यापारी घडाच्या वजनावर भाव करतो, पाण्याच्या रंगावर नाही. म्हणून आम्ही एकाच प्लॉटवर केलं. विहिरीच्या पाण्यावरच्या बागेत ठिबकमधून जाणारा युरिया चौथ्या हिश्शाने कमी केला, आठवड्याच्या मोठ्या मात्रेऐवजी थोडा-थोडा सोडला, आणि खत सोडून झाल्यावर नुसतं पाणी चालवायची वेळ लाइन धुण्यापुरती ठेवली. पोटॅशला हात लावला नाही. बाग वेळेवर निसवली, म्हणजे घड वेळेवर बाहेर पडले, आणि काट्यावर शेजारच्या प्लॉटच्या तुलनेत वजनात फरक दिसला नाही. हा एका बागेचा अनुभव आहे, यावरून कोणी आपली मात्रा ठरवू नये. माती आणि पाण्याचे अहवाल घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जावं. आमच्या तालुक्यात ते पालला आहे. पण युरियाची गोणी कर धरून २६६ रुपये ५० पैशांना मिळते म्हणून कोणी तिचा हिशेब ठेवत नाही, हे मला पटत नाही. गोणी स्वस्त आहे. तिने बिघडलेलं पाणी परत चांगलं करायला गावाकडे कुठलंच साधन नाही.

पेटीत काय खटकलं तेही सांगायला हवं.

सूचनापत्रक इंग्रजीत आणि बारीक टायपात. ज्या बायकांसाठी पेटी आहे त्यांतल्या कितीजणी ते वाचणार? मी मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून झाकणाच्या आतून चिकटवलंय. नायट्रेटची पूड बाकी सगळ्या रसायनांच्या आधी संपते आणि सुटी बाटली मागवायला पंचायतीमार्फत खूप पाठपुरावा लागतो. बाटल्यांवरची मुदत बघायची कोणालाच सवय नाही. मुदत उलटलेली पूड रंगच देत नाही, आणि रंग आला नाही म्हणजे पाणी शुद्ध, असं समजून माणूस निर्धास्त होतो. यावर उपाय सोपा आहे. ग्लासभर स्वच्छ पाण्यात १३:०:४५ ची चिमूट विरघळवून आधी तेच तपासावं. गडद गुलाबी आलं तर पूड चांगली. मग नळी आणि चमचा नीट धुऊन खरा नमुना घ्यावा.

रंग सावलीत, दिवसाच्या उजेडात बघावा. ट्यूबलाइटखाली ४५ आणि १०० यांतला फरक ओळखू येत नाही. तक्ता उन्हात ठेवला तर त्याचे रंग उडतात, म्हणून तो वहीत मिटून ठेवते. आणि चाचणीचं वापरलेलं पाणी मोरीत ओतू नका. क्लोराईडच्या चाचणीतली रसायनं विषारी असतात. मी जुन्या बाटलीत साठवते आणि लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवते. प्रशिक्षणात हे सांगितलं गेलं नाही, सांगायला हवं होतं.

पेटी काय सांगत नाही, हेही माहीत असावं. कीटकनाशक आणि तणनाशकाचे अंश तिच्यात दिसत नाहीत. त्यासाठी मोठी यंत्रं असलेली प्रयोगशाळाच लागते. आमच्या पट्ट्यात ही उणीव लहान नाही. आणि ग्रामपंचायतीला मिळणारं हिरवं कार्ड म्हणजे पाण्यात नायट्रेट नाही असा कोणी अर्थ काढू नये. ते कार्ड पाण्याच्या स्रोताभोवतीची स्वच्छता आणि देखभाल बघून मिळतं.

बाजारात दुसरं काय मिळतं, असं विचारणाऱ्यांसाठी. टीडीएस मीटर शंभर-दोनशे रुपयांपासून मिळतो आणि हल्ली बऱ्याच खिशांत असतो. तो एकूण क्षार सांगतो, त्यात नायट्रेट किती ते नाही. टीडीएस ५०० च्या आत असलेल्या पाण्यातही नायट्रेट ४५ च्या वर असू शकतं, आणि १,००० टीडीएसच्या पाण्यात ते जवळजवळ नसूही शकतं. आरओ विकायला येणारी माणसं दोन सळया पाण्यात बुडवून वीज सोडतात आणि पाणी तपकिरी झालेलं दाखवतात. तो रंग सळईतल्या लोखंडाचा असतो. घरातली माणसं घाबरून आरओ घेतात. आरओ घ्यावा की नाही हे नायट्रेट, फ्लोराईड आणि क्षार मोजून ठरवा. घेतलात तर बाहेर पडणारं वाया पाणी विहिरीजवळच्या खड्ड्यात सोडू नका, त्यात नायट्रेट आधीपेक्षा जास्त असतं. झाडांना घाला.

ऑनलाइन नायट्रेटच्या कागदी पट्ट्याही मिळतात. पाण्यात बुडवायच्या, रंग बघायचा. वापरायला पेटीपेक्षा सोप्या आणि शेतात न्यायला सोयीच्या. पण डबीवर बारकाईने बघा. काही पट्ट्या नायट्रेट दाखवतात, काही नायट्रेटमधलं फक्त नत्र. दुसऱ्या प्रकारात १० हा आकडा आला तर तो आपल्या ४५ इतका असतो. त्या आकड्याला सुमारे ४.४ ने गुणायचं. नाहीतर पाणी मर्यादेच्या काठावर असताना "दहाच आलं" म्हणून आपण निश्चिंत.

ही काळजी एकट्या केळीच्या पट्ट्याची नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर होतं, आणि महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांहून जास्त. सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ यांची नावं आहेत. तिथे कापूस, सोयाबीन, संत्रा, ऊस, केळी, पिकं वेगवेगळी. आडसाली (दीड वर्षाच्या) उसाची शिफारसच हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे, म्हणजे ऊसवाल्यांनी तर विहीर तपासायलाच हवी.

माझं मत: नायट्रेटसाठी पाचपैकी चार, जंतूंच्या कुपीसाठी चार, सूचनापत्रक आणि रसायनांच्या पुरवठ्यासाठी दीड. पेटी तुमच्या ग्रामपंचायतीत असेलच, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) किंवा गावच्या पाण्याची देखभाल बघणाऱ्या जलसुरक्षकाला विचारा. गावातल्या तपासणी शिकलेल्या पाच महिला कोण आहेत तेही विचारा, त्यांना विहिरीवर घेऊन जा. तपासणी वर्षातून दोनदा करा, एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीच्या आसपास, पाऊस मुरून झाल्यावर. निकाल तारीख, विहिरीची खोली आणि आधीच्या महिन्यात सोडलेलं खत यांच्यासह वहीत लिहा. आमच्या शिवारातल्या ज्या विहिरी बघायच्या राहिल्यात, त्यांच्यासाठी या दिवाळीनंतर मी पेटी घेऊन येणार आहे. ज्यांची विहीर वापरात आहे त्यांनी आपलं नाव पंचायतीत देऊन ठेवावं, आणि मोटार थोडा वेळ चालवून साठलेलं पाणी काढून टाकता येईल इतकी वीज कधी असते तेही सांगावं.